शेवटच्या दहा मिनिटांची तक्रार

६ फेब्रुवारी १९७४, बुधवार
'फौजदाराचं घर', भाग अकरावा. पंचायतीच्या ओट्यावर रेडिओ मीच लावला. रेडिओच्या कपाटाची चावी सहा वर्षं माझ्याकडे आहे. दिवसभर हरभरा सोंगून कंबर मोडली होती, पण ड्यूटी ती ड्यूटी. फौजदार आपल्याच चोरट्या भावाच्या मागावर घरी येतो, दारावर थाप मारतो, आणि एकदम बाजारभाव! शेवटची दहा मिनिटं रेडिओ स्टेशनने गाळली. मी डोळे मिटून ऐकतो, त्याने लक्ष लागतं. म्हणून माझ्या ध्यानात आलं. बाकीचे मुकाट उठून घरी गेले.

७ फेब्रुवारी, सकाळी
सरपंच जानराव आले. म्हणे, "मानिकदादा, लोकं म्हणून राह्यले, तुमी रेडिओपाशी झोपता. चावी आता गोजराबाईले देऊन टाका." मी! झोपतो! गोजराबाई महिला मंडळाची. बाईला आवाज आहे, कान कुठे आहे?
सांगून टाकलं: या भागावर गावाची मतं गोळा करतो, स्टेशनला पत्र धाडतो. रेडिओवर आपल्या इंझोरीचं नाव निघालं तर चावी माझ्याकडेच. जानराव बरं म्हणाले.
संकल्प: रविवारपर्यंत पन्नास मतं.

८ फेब्रुवारी
मतं तीन. कंबर तशीच.
ग्यानबाला विचारलं, भाग कसा वाटला. म्हणाला, "सख्ख्या भावाले बेड्या? असा भाऊ मले फुकट नको." कुठल्या बेड्या? भाग तर दारावरच्या थापेपाशी संपला. बिचारा उन्हात फार राबतो.
मारोतराव म्हणाला, आईनंच दार उघडलं ते बेस केलं. त्यालाही भास. गोजराबाई तर त्या आईचं बोलणं म्हणून दाखवता दाखवता रडायलाच लागली. मी हात जोडून निघालो.
लक्षात आलं ते असं: स्टेशनने गाळलेला भाग लोक आपापल्या मनाने भरून काढतात. गाव भोळं आहे.

१० फेब्रुवारी, रविवार
एकूण मतं नऊ. नऊही न झालेल्या भागावर. सगळी रद्द.
घरी बायकोला, केशरबाईला विचारलं. म्हणाली, "तुमी घोरून राह्यले होते. तुमच्या घोरण्यापायी गोजरानं आवाज वाढोला." आवाज कुणी वाढवला, हे मीही विचारणारच होतो. चावीवाल्याला न विचारता!
पत्र एकट्यानेच लिहिलं. 'समस्त इंझोरी गावकऱ्यांच्या वतीने तीव्र तक्रार की...' अक्षर सुरेख आलं. एका कार्डात मावेना, दुसरं घेतलं.

१७ फेब्रुवारी, रविवार
श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम ऐकला. नाव नाही. मोठं पत्र आहे, वाचायला वेळ लागणारच.

२४ फेब्रुवारी, रविवार. सकाळी
आज नाव निघणार. धुतलेलं धोतर काढलं. सगळ्यांना बोलावणं केलं, गोजराबाईला दोनदा.

तिन्हीसांजेला
निघालं. रेडिओवरची बाई गोड आवाजात म्हणाली, इंझोरीहून माणिकराव लिहितात, अकराव्या भागाची शेवटची दहा मिनिटं गाळली. आम्ही तपासलं, म्हणाली, गाळलेलं काही नाही. उलट त्याच दहा मिनिटांवर श्रोत्यांची सगळ्यांत जास्त पत्रं आली आहेत. मग त्यातली चार वाचली. एक कुणा म्हाताऱ्याचं, लिहिताना आसवांनी शाई पुसली गेली म्हणे.
मग ग्यानबा फुटला आणि त्याच्यामागे सगळे. हसून हसून खोकले.
जानराव तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "नाव तं निघालं, दादा. बोलल्यापरमानं चावी तुमचीच." हसले असते तर बरं झालं असतं.
मी कमरेच्या करगोट्याला बांधलेली चावी सोडली आणि गोजराबाईच्या हातावर ठेवली. "राहू द्या नं भाऊजी," म्हणाली. पण मूठ मिटली.

२५ फेब्रुवारी, सोमवार
शेतात गेलो नाही. केशरबाईला विचारलं, त्या आईनं दार उघडून म्हटलं काय? चुलीपुढे बसून तिने सगळं सांगितलं, आवाज बदलून, फौजदाराचासुद्धा. आई म्हणते, "दोघंबी हात धुवून बसा. जेवल्यावर ने त्याले."
भाकर करपली. तिला मध्येच थांबव म्हणायला जीभ रेटली नाही.
भाग चांगला होता. हे माझं मत. कुणी विचारलेलं नाही.