ड्रोन नव्हे, शुक्र!

३ ऑक्टोबर, सकाळी ६
गावात पुन्हा बोंब. पहाटे पूर्वेला ड्रोन दिसतं म्हणे, चोर वरून पाहणी करतात. पोरं रात्रभर काठ्या घेऊन गस्तीवर. आज गच्चीवरून स्वतः पाहिलं. शुक्र! ज्या गावाला तीस वर्षं विज्ञान शिकवलं त्याची ही दशा. आजपासून नोंदवही. संकल्प: महिनाभरात अफवा संपवणे.

५ ऑक्टोबर
गस्तीचा म्होरक्या लिंबाजी. त्याला रांगेत वीस दिवे दिसले. सॅटेलाइटची माळ, समजावलं. म्हणाला, माळ तर माळ, पण आपल्याच शिवारावर काहून? डोकं दुखलं.

८ ऑक्टोबर
पारावर माझं व्याख्यान. शुक्र, उल्का, ढगावर पडलेला उजेड, दलदलीतला पेटता वायू. सतरा श्रोते, पैकी तिघं एसटीची वाट बघत होते. गस्त बंद करायचं ठरलं. विरोध एकट्या पार्वतीबाईचा. घरात दुसरं कुणी नाही, सगळी भिस्त हळदीवर. म्हणाली, गुरुजी, विहिरीवरची मोटार गेली तर हळद वाळंल, मी काय करू? सर्वांसमक्ष शब्द दिला, जबाबदारी माझी. घरी बायको, सिंधु, माझ्याकडे बघतच राहिली. भारावली असावी.

११ ऑक्टोबर, पहाटे ४.४०
अपूर्व! पार्वतीबाईच्या विहिरीपाशी दोन दिवे. खालीवर हलतात. वायूच. मधूनच लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. गार हवेत लांबचा आवाज जवळ वाटतो. सिंधुला उठवलं. म्हणाली, अहो, बॅटऱ्या हायत त्या, वरडा की! म्हटलं, आधी नोंद. ५.०५ला दिवे भोकर रस्त्याने गेले. वायू वाऱ्याने वाहतो. वारा नव्हता, पण ते नंतर पाहू.

११ ऑक्टोबर, दुपारी
मोटार गेली. वायरसकट. पोलीस जमादारांनी नोंदवही चाळली. म्हणाले, टाइम एकदम बरोबर लिवला की. मग विचारलं, गुरुजी, तुमी हे सगळं बघून राहिले होते? हो म्हणालो. पार्वतीबाई शेजारीच उभी होती. फार लाज वाटली.

१२ ऑक्टोबर
सकाळी माझी मोटार काढून तिच्या विहिरीवर बसवली. आमचा ऊस आता देवाच्या भरवशावर. सिंधु म्हणाली, हे मात्र बरं केलंत. गस्त पुन्हा सुरू. संध्याकाळी बॅटरी घेऊन नाव द्यायला गेलो. लिंबाजीने बॅटरी ठेवून घेतली. म्हणाला, गुरुजी, तुमी निजा.