इन्स्पेक्टरची बहीण

त्रिएस्ते, ९ नोव्हेंबर

प्रिय निवेसताई,

तू बरी असशील. मीही बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण मी तरी कुठे गप्प असतो! वारा असा सुटलाय की काल शेजारच्या वकीलसाहेबांची टोपी थेट समुद्रात गेली, आणि ते माझ्याकडेच संशयाने बघत राहिले. रहस्यकथा लिहिणाऱ्याच्या नशिबी हेच.

पुस्तकं चाललीत. खून करतो, पोट भरतो. तू ती वाचत नाहीस, म्हणून सांगतो: माझ्या इन्स्पेक्टरला मी एक थोरली बहीण दिली आहे. चांगली फटकळ. दर रविवारी जेवायला येते आणि त्याच्या तपासातल्या चुका काढते. वाचकांना ती फार आवडते.

केकच्या दुकानातल्या एर्सिलियाबाईंनी विचारलं, ही तुमचीच बहीण ना? हो म्हणालो. रविवारी येते ना? त्यालाही हो म्हणून बसलो. झालं! तेव्हापासून दर रविवारी त्या दोघांपुरता खाऊ कागदात बांधून, वर दोरीची गाठ मारून देतात. तुझ्यासाठी अक्रोडाचा. मला अक्रोड आवडत नाही, तुला माहीत आहे. पण टाकवत नाही. खातो.

आता प्रकाशकांकडची दोनातेल्ला म्हणते, पुढच्या पुस्तकात बहिणीला मारा, लोक हादरतील. बसलो लिहायला. आजवर इतकी माणसं मारली, कधी हात अडला नाही. टेबलावर दोन ताटं मांडली, ती यायची आहे, एवढं लिहिलं आणि रडायला लागलो. एकटाच, स्वयंपाकघरात, वेड्यासारखा.

आईला पुरलं तेव्हा तू म्हणालीस, "तू रडत नव्हतास, ओत्ताव्यो. बघत होतास. पुस्तकासाठी." त्यानंतर तू बोललीच नाहीस.

बघत होतो, ताई. तुझ्याकडे. तू खड्ड्याच्या अगदी काठाशी उभी होतीस आणि तुझे पाय लटपटत होते. पडशील म्हणून मी नजर काढली नाही. हे तिथेच सांगायला हवं होतं. मला राग आला आणि मी घरी निघून आलो.

बहीण मरणार नाही, असं दोनातेल्लाला आज कळवलं. रुसली आहे. रुसू दे.

मी आईच्याच घरात राहतो. रविवारी खाऊ आणेन. आलीस तर अक्रोडाचा तू खा. नाही आलीस तर मी आहेच.

तुझी वाट बघणारा धाकटा,
ओत्ताव्यो