हातोळीचं पाणी

नांदेड, २० फेब्रुवारी १९८३

मुंबईच्या मित्रांनी घाबरवून सोडलं होतं, की मराठवाड्यात दुष्काळ आहे, तू वाळून परत येशील. इथे तर गाडीतून उतरतो न उतरतो तोच एका म्हातारबांनी मलाच गुरुद्वाऱ्याचा रस्ता विचारला. मी इतका खूश झालो की माहीत नसताना सांगूनही टाकला. मग दोघेही चुकलो आणि विचारत विचारत शेवटी लंगरात शेजारी शेजारी जेवायला बसलो. म्हातारबांनी रागावण्याऐवजी मला आग्रह करून आणखी एक रोटी घ्यायला लावली.

मुंबईत पाच वर्षं काढली, पण तिथला घरमालक मला अजून 'आफ्रिकावाले' म्हणतो. मॉरिशस हे बेट आहे, तिथे आम्ही मराठी माणसं पाच पिढ्या राहतो आणि घरी गणपती बसवतो, हे सांगून सांगून माझ्या जिभेला फोड आले. मोठ्या शहरात परक्या माणसाला कोणी त्रास देत नाही आणि कोणी जवळही घेत नाही. नांदेड त्या मानाने गप्पिष्ट आहे. इथून पुढे लातूरच्या नव्या जिल्ह्यातल्या एका लहान गावी जायचं, तिथली बोली टेपवर उतरवायची आणि प्रबंध लिहायचा, असा बेत आहे.

दहा मेला सुमित्रा आणि लीना विमानाने मुंबईत येतील. लीनाला शेवटचं पाहिलं तेव्हा ती चार वर्षांची होती. काचेपलीकडे सगळ्यात आधी पापा दिसला पाहिजे, म्हणजे 'आला मो पापा' (आमच्या क्रेओलमध्ये 'हा बघा माझा पापा') असं ओरडता येईल, असं तिने आईकडून पत्रात लिहवून घेतलंय. या वर्षात बाकी काहीही चुकलं तरी चालेल, एवढं चुकायचं नाही.

हातोळी (ता. उदगीर), २४ फेब्रुवारी

कुठले, कुणाचे, आडनाव काय, लेकरं किती, एवढ्या प्रश्नांची उत्तरं मी सामान खाली ठेवायच्या आत दिली. सखाराम हे आडनाव कोणालाच पटलं नाही. पणजोबा बोटीतून उतरले तेव्हा गोऱ्या साहेबाने नावच आडनाव म्हणून लिहून टाकलं, त्याला मी काय करू? मग मॉरिशस कुठल्या जिल्ह्यात येतं यावर व्यंकटीच्या चहाच्या हॉटेलात वाद पेटला. हातोळीकरांना स्वतःच्या जिल्ह्याचीही पुरती खात्री नाही म्हणा. गेल्या ऑगस्टपर्यंत उस्मानाबाद होता, आता लातूर आहे. थांब्यावरच्या पाटीवर नवा रंग दिलाय, पण खालचं जुनं नाव अजून वाचता येतं.

शाळेतल्या देविदास गुरुजींनी मला मल्लम्मांकडे खोली पाहून दिली. मल्लम्मा पन्नाशीच्या, एकट्या, कपाळाला विभूती, बोलणं मोजकं. त्यांनी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे केलं. पाणी असं थंड आणि गोड की मी तांब्या रिकामा करूनच खाली ठेवला. परसात त्यांची स्वतःची विहीर आहे. माझं पिऊन झाल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, "पानी लागलं की मानूस हितला होतो."

'पाणी लागणे' हा वाक्प्रचार मी कोशात वाचला होता, कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. लगेच टिपून घेतला.

६ मार्च

इथे 'करतो आहे' कोणी म्हणत नाही, 'करून राहिलो' म्हणतात. मी 'चहा पीत आहे' म्हटलं की व्यंकटी गिऱ्हाइकांना हाक मारून सांगतो, की या, पुस्तक बोलून राहिलंय. मीही आता त्यांच्यासारखं बोलून पाहतो आणि सगळे माना डोलावतात.

मल्लम्मा सुरुवातीला 'आमची विहीर', 'आमचं घर' म्हणायच्या. या आठवड्यात त्या 'आपली विहीर', 'आपलं घर' म्हणू लागल्या. मराठीत या दोन शब्दांमध्ये अख्खी भिंत उभी असते. मुंबईत ती भिंत पाच वर्षांत हलली नाही आणि इथे दोन आठवड्यांत पडली. जेवताना माझे डोळे भरून आले. मल्लम्मांना वाटलं ठेचा लागला, त्यांनी आणखी पाणी दिलं.

१९ मार्च

आज टँकर आला तेव्हा मी पहिल्यांदा घरी होतो. सगळी गल्ली हंडे, घागरी, डबे घेऊन धावली. भांडणं, शिव्या, एकीची घागर फुटली. त्या रांगेत मल्लम्मा उभ्या होत्या.

परसात भरलेली विहीर असताना तुम्ही रांगेत का, असं मी विचारलं.  गुरुजींनी मला बाजूला नेऊन सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात मल्लम्मांचा मुलगा माणिकप्पा गाळ काढायला त्या विहिरीत उतरला आणि कड ढासळली. त्याला वर काढता आलं नाही. त्याच्यावरच पाणी फुटलं आणि तेव्हापासून ती विहीर आटलेली नाही. गावात ते पाणी कोणी तोंडाला लावत नाही, मल्लम्मासुद्धा नाही.

म्हणजे इतके दिवस ते फक्त मी पीत होतो. हे ठाऊक असून मला त्या घरी का नेलं, असं मी गुरुजींना विचारलं. ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "तिला कुनी न्हाई. तुमालाबी हितं कुनी न्हाई."

आजपासून मी टँकरचंच पाणी पिणार.

२८ मार्च

टँकरच्या पाण्याने तहान भागत नाही. जीभ टाळूला चिकटते.

परदेशी माणसाला जिल्ह्याच्या गावी नोंद करावी लागते, म्हणून लातूरला गेलो होतो. कचेरी नवी, टेबलं नवी, रंगाचा वास अजून गेला नव्हता. कारकुनाने पासपोर्ट पाहिला, मला बोलतं केलं आणि हसत विचारलं, की अप्पा, हा कुणाचा उचलून आणला? मी इंग्रजी बोलून दाखवलं, तर तेही झकास येतंय म्हणाला. साहेब पुढच्या आठवड्यात भेटतील, तेव्हा या. मुंबईतल्या कचेरीत मला पाहताच परदेशी माणसांच्या रांगेत उभं करायचे, एकदासुद्धा शंका घेतली नाही.

मी चिडायला हवं होतं. खरं लिहितो, आधी आनंद झाला. भीती नंतर, परतीच्या एसटीत वाटली.

घरी आलो आणि विहिरीचं पाणी उभ्या उभ्या प्यायलो.

९ एप्रिल

टेप ऐकत बसलो होतो. कालची व्यंकटीची मुलाखत. दोन माणसं बोलतात, एक विचारतो, एक सांगतो. दोघांचं बोलणं एकसारखं. माझा आवाज कोणता ते प्रश्नांवरून ओळखावं लागलं.

मग फेब्रुवारीतली टेप लावली. त्यात कोणी एक माणूस फार जपून, शब्दाशब्दावर थांबून बोलत होता. मला गंमत वाटली, हसू आलं. हसता हसता कळलं की तो मी आहे.

उद्याच निघतो. दहा मेपर्यंत मुंबईतच थांबेन. घरमालकाने 'आफ्रिकावाले' म्हटलं तर त्याला मिठी मारेन.

१० एप्रिल

मल्लम्मांनी अडवलं नाही. भाकरी बांधून दिली, सोबत पाणी दिलं नाही.

उदगीरपर्यंत बरा होतो. लातूरच्या स्टँडवर घसा जळू लागला. पाणपोईवर पेल्यामागून पेले प्यायलो, पाणी पोटात जात होतं आणि तोंड कोरडंच राहत होतं. समोर मुंबईची गाडी उभी. मी तिकडेच चाललो होतो. बसलो ते उदगीरच्या गाडीत—

मल्लम्मा दारात तांब्या घेऊन उभ्या होत्या. 

शुक्रवार, बाजार

आज बाजारात मागून कोणीतरी माणिकप्पा म्हणून हाक मारली. मी वळलो. वळल्यावर सगळ्यांना बरं वाटलं.

रोज लिहायचं ठरवलंय. सुमित्रा. लीना. सुमित्रा. लीना. दहा मे.

सोमवार

सुमित्रा. लीना.

विहिरीत डोकावलो. उजव्या अंगाला मुरूम मऊ आहे, तिकडं पाय द्यायचा न्हाई. खाली लई गार लागतं, मग अंधार, मग छातीवर—

मला हे कसं ठावं?

आमुशा झाली

सुमित्रा. ली—

जिभेवर हाय. कागद शोधून राहिलो, तिचं पत्र होतं. आईनं चूल पेटवली त्याच्यावर. आई म्हनली, जुनं कशापायी ठिवायचं.

मल्लम्मा लिवायचं होतं. आई लिवलं.

शुक्रवार

दहा तारखेला कुटंतरी जायचं होतं. गुरुजीला इचारलं. गुरुजी रडून राहिले. म्हनले, दहा तारीख होऊन लई दिस झाले.

कशाला रडायचं. म्या तर घरीच हाय.

तारीख ठाव न्हाई

ऊन लई. दुपारच्या यष्टीनं एक बाई आली, संगं पोरगी. बाईचं बोलनं निराळंच, परदेशी असंल. हातात एका मानसाचा फोटू. गल्लीभर इचारून राहिली. आमी सांगितलं, असा कुनी हितं न्हाई. गुरुजी घरात जाऊन दार लावून बसले.

मग बाई आपल्या दारात आली. माझ्याकडं बगितलं अन् खालीच बसली.

पोरगीनं माझ्याकडं बोट केलं, म्हनली, "आला मो पापा." आला म्हंजे कोन आला? म्या मागं वळून बगितलं. मागं कुनी न्हाई.

आईनं पोरगीला जवळ घेतलं. लई तान्हेली हाय म्हनली अन् तांब्या आनाया गेली.

माझ्या छातीत कायतरी तुटून राहिलं. तिला पिऊ देऊ नये. का ते ठाव न्हाई, पर देऊ नये. नावानं हाक मारली तर थांबंल. नाव आठवंना म्हनून आत आलो, ही वही उघडली. मागच्या पानावर कुटंतरी नाव आसंल. अक्षर कुनाचं हाय हे, लई बारीक, लागंना—

सु— सुमि— हे बाईचं. पोरगीचं कुटं हाय—

दारातून दिसून राहिली. दोनी हातानं तांब्या धरलाय. पोरी, थांब, ए— नाव— ली—