पिठात बुडालेला क्रूस

लिटल टर्न कोव्ह, न्यूफाउंडलंड
१४ सप्टेंबर २००९

चि. बर्नडेट हिस फिलोमिनाचा आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलीस हे शेजारच्या गर्टीकडून कळलं. सख्ख्या बहिणीच्या आधी शेजारणीला कळवलंस, असो. फोनवर मी चिडले की तू फोन ठेवून देतेस. पत्र निदान वाचल्याशिवाय ठेवून देता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

तू गेलीस त्याच आठवड्यात एकदा सकाळी स्वयंपाकघरात आले, तर चुलीजवळच्या खुर्चीवर बाबांचा जुना ओव्हरकोट आणि त्याखाली काहीतरी फुगलेलं. मला वाटलं मांजर व्यायली. कोट उचलला तर पातेलं, आणि पातेल्यात चिखल. त्याला पीठ म्हणायला माझी जीभ वळत नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली की बर्नीने शिकवलंय. पीठ, पाणी, मीठ, चिमूटभर यीस्ट, चमच्याने ढवळायचं आणि रात्रभर झोपवायचं, मळायचं नाही. हे सांगताना ती हसत होती.

म्हणजे मी संध्याकाळी रोजरीच्या जपाला चर्चमध्ये गुडघे टेकून बसत होते, तेव्हा तुमची ही शाळा चालली होती. माझ्यामागे. मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही? आईच्या बोटांच्या गाठी तू पाहिल्यास ना? तिला बटण लावता येत नाही, मी लावते. दोन वर्षं झाली, या घरातला पाव एकटी मीच मळते, आणि तो खाऊन कोणी उपाशी उठलेलं नाही.

आणि पाव भाजायच्या आधी ते रिकामं बिडाचं भांडं अर्धा तास ओव्हनमध्ये तापवायचं म्हणे. रिकामं. विजेचं बिल अल्बर्टाला येत नाही, इथे येतं.

पण हे सगळं एक वेळ गिळलं असतं. आपल्याकडे पीठ तयार झालं की त्यावर बोटाने क्रूस काढतात आणि मगच पांघरूण घालतात, हे तुला मी सांगायला नको. माझ्या पिठावरचा क्रूस सकाळीही दिसतो, फुगून रुंद झालेला. आईने त्या चिखलावरही काढला होता. सकाळी पाहते तर बुडालेला, नखाएवढी खूण नाही. ज्यावर क्रूस टिकत नाही, ते मी प्रार्थना म्हणून तोंडात कसं घालावं, ते तूच लिही.

आमच्या जावयाला, लिओला, विचारल्याचं सांग. मायेत काही उणं नाही, रागातही नाही, हे कळावं.

तुझी ताई,
फिलोमिना


फोर्ट मॅकमरे, अल्बर्टा
२ ऑक्टोबर २००९

ती. ताईस बर्नीचा सा. न.

तुझं पत्र मिळालं. लिओने वाचून मला दोन दिवस उत्तर लिहू दिलं नाही. आता लिहिते.

मी कामगारांच्या कॅम्पात दिवसभर खोल्या झाडते. घरी येते तेव्हा मनगटं उचलत नाहीत. म्हणून हा पाव शिकले, हौस म्हणून नाही. आणि आईचे हात पाहिल्यावर पहिला विचार तोच आला. मी तुला विचारलं नाही, खरं आहे. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि आईने मान खाली घातली असती. मग विचारायचं कशाला?

उन्हाळ्यात मी काय पाहिलं ते आता ऐक. तू मळायला लागलीस की आई उठून टेबलापाशी यायची, आणि तू म्हणायचीस, की बस आई, बोटं दुखतील, पीठ सांडेल, तू जरा खिडकीत बस ना. मग ती खिडकीत बसायची आणि तिचे हात शालीखाली मिटायचे, उघडायचे, मिटायचे. तू पाठमोरी असायचीस, तुला कसं दिसणार? स्वतःच्या घरात पाणी हवं तरी ती तुझ्याकडे आधी बघते, ताई. ती पाहुणी झाली आहे, आणि पाहुण्यांनाही कोणी इतकं बसवून ठेवत नाही.

ते बिडाचं भांडं मला शेडमध्ये सापडलं. तू त्यात खिळे ठेवले होतेस. आईने पाहताक्षणी ओळखलं. आजी त्यातच, निखाऱ्यांवर, पाव भाजायची. खिळे काढून, घासून, तेल लावून आम्ही ते घरात आणलं, आणि तेव्हा ते उचलायला मी होते. ती मूठ वळवू शकते. मुठीत चमचा धरता येतो. एवढंच लागतं या पावाला.

तुझा पाव उत्तम असतो. सगळ्या गावाला माहीत आहे, तू सांगतेसच.

क्रूसाचं मला माहीत नाही. तू चर्चला जास्त जातेस.

तुझ्या मायेची मला गरज आहे, पण उपदेशाची नाही.

बर्नी


लिटल टर्न कोव्ह
६ नोव्हेंबर २००९

चि. बर्नडेटला,

आशीर्वाद लिहायचा म्हणून लिहिते.

तुला पाहिजे तसं घडलं. सोमवारी, मृतांच्या दिवशी, मी बाबांसाठी चर्चमध्ये मिसाला गेले होते. परत आले तर घरभर करपल्याचा वास आणि आई सिंकपाशी मनगट नळाखाली धरून उभी. झाकण उचलायला गेली होती, त्या तापलेल्या भांड्याचं. टॉवेल घसरला. फार नाही, बोटभर फोड आहे, नर्स म्हणाली की भरेल. पण त्या भांड्याचं वजन तुला ठाऊक आहे. ते पायावर पडलं असतं तर? तेव्हा तू कुठल्या खोल्या झाडत असतीस?

मी भांडं उचललं आणि नेऊन ठेवलं. कुठे ते लिहीत नाही. पत्रं आईच्या हाती पडतात.

आता लिहायला बसलेच आहे तर आधीचंही लिहिते. ऑक्टोबरात एका पहाटे तो चिखल पाहून मला राहवलं नाही. त्यात दोन मुठी पीठ घातलं आणि नीट, रीतसर मळलं. वर क्रूस काढला, कोट घातला. म्हटलं, आईला बरंच वाटेल. भाजल्यावर तिने एक घास घेतला, चावला, आणि तुकडा बशीत ठेवला. शाल ओढून खिडकीत जाऊन बसली. असा राग आला, बर्नी, की सांगता येत नाही. माझ्या हातचं असं काय विष होतं त्यात?

त्याच्या आधीच्या आठवड्यात गर्टी आली होती. आईचा पाव खाल्ला आणि दुसरा तुकडा मागितला. माझ्या पावाचा दुसरा तुकडा तिने इतक्या वर्षांत कधी मागितला नाही.

मला एवढंच विचारायचंय. शाळा संपल्यापासून मी या टेबलाशी उभी आहे. तुम्ही सगळे गेलात, लग्नं केलीत, मी राहिले. माझे खांदे त्या पिठात गेले. आणि जे चमच्याने ढवळून, रात्रभर विसरून, आपोआप होतं, तेच लोक बोटं चाटून खात असतील, तर मी कशाला होते इथे?

भांडं गेल्यापासून आई चहाशिवाय काही घेत नाही. माझ्याशी बोलत नाही. हेही तुझ्यामुळेच.

फिलोमिना


फोर्ट मॅकमरे
१७ नोव्हेंबर २००९

ती. ताईस,

नमस्कार. थोडक्यात लिहिते, नाहीतर नको ते लिहीन.

तू तिचं पीठ मळलंस. तिने झोपवलेलं, ती उठायच्या आत. मी हे लिओला सांगितलं तर तो हसला, पण मला हसू आलं नाही. भाजलं याचं मला वाईट वाटतंच. पण हात भाजला म्हणून हातातलं काढून घ्यायचं, हे कुठलं औषध?

भांडं तिला परत दे. नाहीतर आम्ही नाताळाच्या आधी येतो आणि आईला इकडे घेऊन जातो. खोली रिकामी आहे. तिकिटाचं लिओने विचारून ठेवलंय. मी धमकी देत नाहीये, कळवते आहे.

तुझा प्रश्न मी तीनदा वाचला. पण त्याचं उत्तर आईला नुसत्या चहावर ठेवून तिच्याकडून वसूल करू नकोस.

बर्नी


लिटल टर्न कोव्ह
२७ नोव्हेंबर

फिलो आणि बर्नी,

दोघींना आईचा आशीर्वाद.

हे मी बाबांच्या सुतारकामाच्या जाड पेन्सिलीने लिहिते आहे. मुठीत धरता येते. म्हणून अक्षर मोठं आहे आणि वाक्यं लहान. बर्नीचं पत्र पोस्टात जाईल. फिलोचं टेबलावर ठेवीन. एक तिकीट वाचलं.

तुम्ही दोघी माझ्या हातांबद्दल इतकं लिहिता की ते हात दुसऱ्या कोणाच्या घरी असल्यासारखं वाटतं. मी इथेच बसलेली असते. पत्रं माझ्यासमोर येतात. फिलो, आलेली तू बायबलात ठेवतेस, आणि लिहिलेलीही, पोस्टात टाकेपर्यंत. बायबल मीही वाचते.

बर्नी, मी अल्बर्टाला येणार नाही. लिओला सांग तिकीट नको. मला समुद्राचा आवाज नसेल तर झोप येत नाही. बाबांची कबर इथे आहे. आणि तू मला न विचारता खोली तयार केलीस. फिलोने मला न विचारता खुर्ची तयार केली. दोघी एकाच माळेचे मणी.

फिलो, माझं पीठ कोणी मळलं ते मला पहिल्या घासाला कळलं. विष नव्हतं. उत्तम पाव होता. तुझा पाव नेहमी उत्तम असतो. पण तो तुझा होता. त्या सकाळी मला माझा हवा होता.

तू विचारलंस, तू इथे कशाला होतीस. ते बर्नीला कशाला विचारतेस? ती इथे नव्हती. मला विचारायचंस. थंडीत माझी बटणं कोण लावतं? मी रात्री हाक मारली की कोण येतं? पावासाठी कोणी माणूस ठेवत नाही घरात. पाव दुकानातही मिळतो. तू मूर्ख आहेस, आणि हे मी रागाने लिहिते आहे.

क्रूस बुडतो म्हणे. बुडू दे. मी तो देवाला दाखवायला काढते, फिलोला नाही.

भांडं तळघरात शलगमांच्या मागे आहे. मला कळलंय. मी तिथपर्यंत गेले होते. पण ते उचलवेना, म्हणून त्यावर बसून परत आले. मला मळायला माणूस नको. उचलायला हवंय. हे तीन महिन्यांत दोघींपैकी एकीलाही सुचू नये.

हात दुखला. थांबते.

आई


लिटल टर्न कोव्ह
१३ डिसेंबर २००९

चि. बर्नडेट हिस,

आशीर्वाद, आणि या वेळी मनापासून, पण पूर्ण वाचल्याशिवाय फुशारून जाऊ नकोस.

आईचं पत्र मिठाच्या डबीखाली होतं. माझे हात पिठात होते, म्हणून उभ्याउभ्या कोपराने धरून वाचलं. मग मळणं पुरं केलं, क्रूस काढला, झाकलं. दुपारी आम्ही दोघींनी एकमेकींसमोर बसून शलगमं सोलली, जणू शलगमांवरच राग आहे. मग मी तळघरात गेले.

वर आणताना पायरीवर दम लागला. माझंच वय विसरले होते. मला एवढं जड गेलं, तर तिचं काय झालं असेल, आणि ती तरीही त्यावर बसून आली.

आता अशी व्यवस्था आहे. संध्याकाळी ती मुठीत डाव धरून ढवळते. टेबलावर सांडतं, मी पुसत नाही, तिच्यादेखत तरी नाही. भांडं मी ठेवते आणि मी काढते. झाकण तीच उघडणार, यावर ती अडून बसली. तेव्हा मी शेडमधून बाबांचा मासा ओढायचा आकडा आणला, दांडी कापून आखूड केली, घासून उकळून घेतला. झाकणाच्या कडीत घातला की हातभर लांबून झाकण उचलतं. ती ते उचलून क्षणभर तशीच धरते आणि वाफेत बघत राहते. मी शेजारी दोन्ही हातांत टॉवेल घेऊन उभी. अजून काही पडलं नाही.

शनिवारचा पाव माझा, मळलेला. त्यात तडजोड नाही. आणि मला तुझा हा पाव फार आवडला असंही समजू नकोस. कवच इतकं कडक की आई चहात बुडवून खाते. गर्टी दुसरा तुकडा मागते, कारण तिचे दात स्वतःचे आहेत.

तू आईला न्यायचं म्हणालीस, ते मी विसरलेले नाही. त्या रात्री मी तिच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि पलंग रिकामा कसा दिसेल ते पाहून घेतलं. असं पुन्हा लिहू नकोस. चिडायचं असेल तर दुसरं काहीही लिही.

क्रूसाचं तेवढं माझ्या डोक्यातून जाईना. आई म्हणते देवाने पाहिला, पुरे. पण मला दिसल्याशिवाय घास उतरत नाही, मी तशीच आहे. म्हणून परवा सकाळी, पीठ तापलेल्या भांड्यात टाकलं आणि झाकण ठेवायच्या आधी, कात्री घेतली आणि वरून दोन काप दिले, आडवा आणि उभा. आई बघत होती. झाकण उचललं तेव्हा क्रूस उघडला होता, बोट आत जाईल एवढा, कडा तपकिरी झालेल्या. संध्याकाळचा तिचा बुडतो, सकाळचा माझा राहतो.

आईने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता प्रार्थना म्हणेल. तिने विचारलं, की ही कॉड मासे साफ करायची कात्री नाही ना.

तीच होती. मी धुतली होती, बर्नी, दोनदा.

नाताळाला दोघं या, पण रिकाम्या हातांनी परत जायच्या तयारीने या. लोभ ठेव, मीही ठेवला आहे, वरून दिसला नाही तरी.

तुझी ताई,
फिलोमिना