बॅरल, परडं आणि म्हसोबाचा वाटा

मी, साईराज नाथाजी शिंगटे, वय सव्वीस, धंदा सध्या काही नाही, राहणार शिंगटे मळा, इस्लामपूरजवळ, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, आज रविवारी सकाळी चहाशिवाय दुसरं काहीही न पिता, कुणी डोक्यावर उभं राहून सांगत नसताना, माझ्या हातानं लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते कायमच होतं, पाय ठिकाणावर नव्हते. मागं परड्यात बॅरल पेटवून ठेवलंय, मटण व्हायला अजून वेळ आहे, तोवर हे लिहून होईल.

कारण असं की मंगळवारी मिरजेला माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे. राजवर्धनही म्हणतो किरकोळ आहे, आणि तो म्हणतो म्हणूनच मला शंका येते. राजवर्धन म्हणजे माझा चुलतभाऊ. परवा तो माझ्या परड्यात टेप धरून उभा होता. विचारलं तर म्हणाला, "काय न्हाई गड्या, सहज." सहज कुणी दुसऱ्याचं परडं मोजतं का? त्यानं नवी गाडी घेतलीय आणि तिला सावली पाहिजे. मी परत आलो नाही तर माझ्या तेराव्याच्या आत बॅरल भंगारात जाईल आणि त्या जागेवर पत्र्याचं शेड उभं राहील. तसं होऊ नये, एवढ्याचसाठी हे मृत्युपत्र.

कलम पहिलं, परडं. दोन खोल्या आणि मागचं परडं माझे वडील कै. नाथाजी शिंगटे, फौजेत हवालदार, यांच्या वाटणीचं, त्यांच्या माघारी माझं. वडील नागालँडला होते. तिथून त्यांनी एकच फोटो पाठवला होता, चुलीच्या वर मांस टांगलेलं आणि खाली ते हसतायत. बारावीला गटांगळी खाल्ल्यावर मी आधी गोव्याला हॉटेलात भांडी घासली, मग बोअरच्या गाडीवर राहिलो, मग तो फोटो खिशात घालून दिमापूरला गेलो. ती चूल काही सापडली नाही. पण तसल्याच एका चुलीपाशी एका म्हातारीनं मला धुरावलेल्या मांसाचा कोळशासारखा काळा तुकडा दिला. तोंडात घातला आणि मी घरी परत आलो. लोक विचारतात, एवढं फिरून काय आणलंस? हेच आणलं. हे कलमात बसत नाही, पण खोडत नाही.

कलम दुसरं, बॅरल. हे खाद्यतेलाचं बॅरल आहे, रसायनाचं नाही, ही अफवा कोण उठवतं ते मला माहीत आहे. त्याला बाजूनं छोटी भट्टी जोडलीय. जाळ भट्टीत राहतो, नुसता धूर बॅरलात जातो आणि आकड्यांना टांगलेलं मटण दिवसभर त्या धुरात शिजतं. वेल्डिंग कुपवाडच्या बिराप्पानं केलं. माणूस हाताचा चांगला, पण असलंच दुसरं बॅरल त्यानं कराडच्या कुणाला तरी करून दिलंय असा माझा दाट संशय आहे. विचारलं की वेल्डिंगचा चष्मा लावून बसतो. तरीही माझी मोटरसायकल त्याला द्यावी. तिचा सायलेन्सर त्यानंच जोडलाय, गळून पडला तर त्याच्याच पायावर पडू दे.

हे बॅरल टेम्पोतून मी एकट्यानं उतरवलं, कारण हात लावायला कुणाला बोलवावं असा भरवसा नव्हता. हर्निया तिथलाच.

कलम तिसरं, कृती. आदल्या दिवशी मटणाला मीठ आणि कांदा-लसूण चटणी चोळावी. लाकूड पेरूचं किंवा चिंचेचं, वाळलेलं. ओली बाभूळ घातली तर मटण कडू होतं. शेवटी वरून काकवीचा हात फिरवावा. चटणीत मी आणखी एक वस्तू घालतो, ती इथं लिहीत नाही. हा कागद कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

कलम चौथं, चोरी. पहिल्यापासून माझ्या बॅरलातून मटण जातंय. सगळं नाही, मागच्या आकड्यावरचे दोनच तुकडे, पण दर खेपेला. शिवाय कुणीतरी चिमणीचं झाकण हलवतं. मी उसात जरा चक्कर मारून येईपर्यंत झाकण वर सरकलेलं असतं.

पहिला संशय शेजारच्या अण्णाप्पांवर. जैन माणूस, मटण नेणार नाहीत हे मलाही कळतं, पण झाकणाचं काय? बस्तीला, म्हणजे त्यांच्या मंदिरात, जाताना नेसायची वस्त्रं ते आमच्या कुंपणाकडच्या तारेवर वाळत घालतात आणि त्यांना माझा धूर लागतो. ग्रामपंचायतीत अर्जही दिला होता. मला म्हणाले, "साईराज, देवासमोर उभा राहिलो तर लोक मागं सरकायला लागलेत. काय पेटवलास रे हे?" मी म्हणालो, तार दुसरीकडं बांधा. ते म्हणाले, "तार माझ्या वडिलांनी बांधलेली." मी म्हणालो, बॅरल मी बांधलंय. तेव्हापासून बोलणं बंद.

दुसरा संशय अर्थात राजवर्धनवर.

तिसरा संशय कुणावरच नव्हता, तिथंच चुकलं.

गेल्या रविवारी मागच्या तुकड्याला लाल दोरा बांधला, इस्लामपूरला जातो असं ओरडून सांगितलं आणि उसातून वळसा घालून परत आलो. बघतो तर काकी. काकी म्हणजे माझी चुलती हरणाबाई, राजवर्धनची आई. मी रांगत असताना माझी आई गेली, तेव्हापासून मला तिनंच वाढवलं. ती मला मुडद्या म्हणते. ह्या मटणाला सरणाचा वास येतो, मी ह्याला शिवायची न्हाई, असं तिनं आख्ख्या भावकीसमोर सांगितलं होतं. तीच बाई सांडशीत लाल दोऱ्यासकट दोन तुकडे धरून बांधावरच्या म्हसोबाकडं चालली होती.

"काकी!"

सांडशी पडली. "मेलास का रं मुडद्या! असं मागनं येतंय व्हय कोण?"

"सरणाचा वास येतो म्हणतीस, मग हे काय?"

"येतोयच वास. पर मळ्यात बकऱ्याचं काय बी शिजलं तर पयला निवद म्हसोबाचा. तुझ्या बॅरलात टांगलं म्हंजे देवानं हक्क सोडला व्हय? तुला घरबसल्या मटण आन् त्याला नुसता धूर?"

मला हे कधी सुचलंच नव्हतं. चुलीवर शिजतं ते मटण, त्याला निवद. बॅरलात होतं तो माझा नाद, असंच मी धरून चाललो होतो.

"बरं, एक म्हसोबाचा. आन् दुसरा?"

काकीनं पदरानं तोंड पुसलं. "देवाला एकट्याला जेवाय बसवून माघारी यायचं व्हय रं?"

मग पुढं येऊन बोट नाचवत म्हणाली, "आन् ते झाकण. तू पेटवून देतोस आन् कुठं तरी उंडारतोस. धूर आत कोंडतोय, समदं कडूजार हुतंय. मी सरकवती म्हणून तुझं मटण गोड लागतंय. कुणाला बोललास तर तुलाच टांगीन त्यात."

अण्णाप्पांवरचा संशय झाकणापुरता मागं घेतो. अर्जापुरता नाही.

कलम पाचवं, वाटप. परडं आणि बॅरल, भट्टी, आकडे आणि सांडशीसह, माझ्या माघारी हरणाबाई यांना द्यावं. चटणीतली ती वस्तू त्यांना वेगळी सांगायची गरज नाही. तिचा डबा मला दर खेपेला हलका लागतो. अटी अशा: बॅरल राजवर्धनला देऊ नये, त्यानं रडून मागितलं तरी. म्हसोबाचा वाटा चालू ठेवावा. चिमणीचं तोंड अण्णाप्पांच्या तारेकडून वळवून राजवर्धनच्या गाडीकडं करावं.

इथवर लिहून साक्षीदार बोलावले. पुढचं त्यानंतरचं.

ज्याला काही मिळणार त्याची साक्ष घेऊ नये, असं इस्लामपूरच्या एका वकिलांनी मला सांगितलं होतं. म्हणून ज्यांना काहीच ठेवलं नाही असे दोघे बोलावले. कागद वरून झाकून फक्त सहीची जागा उघडी ठेवली होती. राजवर्धन लगेच पेन घेऊन बसला, खुशीत. अण्णाप्पा चष्मा पुसत म्हणाले, "राजा, हसतोस काय? साक्षीला बोलावलाय म्हणजे तुला काय ठेवला नाही त्यानं. आमच्यात झालंय हे."

पेन थांबलं. "व्हय रं सायऱ्या? मला काय न्हाई?"

"खिळाबी न्हाई."

तेवढ्यात काकी मागच्या दारातून आत आली. "मलाबी करू दे की सही. मी काय परकी हाय?"

"तुझी चालत न्हाई, काकी."

"का चालत न्हाई? मला अंगठा न्हाई?"

जिची सही चालत नाही तिलाच ठेवलंय, हे आधी अण्णाप्पांना उमगलं. ते हसायला लागले. इतक्या महिन्यांनी माझ्या घरात हसले. राजवर्धन आईकडं बघत राहिला. "आयला! बॅरल तुझ्या नावावर? तू तर थुकायचीस त्याच्यावर!"

काकी माझ्याकडं बघून म्हणाली, "मला नगं तुझं काय बी. माघारी ये आन् तूच पेटीव." मग राजवर्धनकडं वळली. "आन् तू सही कर गुमान. टेप ठीव जा घरात."

"मग गाडी उन्हात उभी करू व्हय?"

"कर की. करपत न्हाई ती."

राजवर्धननं सही केली. दाबून केली, कागद फाटता फाटता राहिला. काकीनं तो त्याच्या हातातून ओढून घेतला, वाचता येत नसताना वरपासून खालपर्यंत बघितला आणि माझ्यासमोर ठेवला.

शेवटचं कलम. या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात काजळीचा अंगठा उमटला आहे. सकाळी पेटवलेलं बॅरल मी लिहायच्या नादात विसरलो होतो. काकी विसरली नव्हती, झाकण सरकवूनच ती आत आली होती. हा अंगठा साक्षीदाराचा धरू नये. तो पुसूही नये.

लिहून ठेवणार: साईराज नाथाजी शिंगटे

साक्षीदार:
१. अण्णाप्पा (सही कन्नडमध्ये केली आहे, का ते विचारलं तर हसले)
२. राजवर्धन शिंगटे

ठिकाण: शिंगटे मळा, परड्याकडची खोली
तारीख: ९ फेब्रुवारी २०२५