तिसऱ्या घंटेनंतर कुणी उठायचं नाही

शनिवार, सात जून, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटं. ही वेळ आधी कॅलेंडरवर लिहून ठेव, मग पुढचं वाच. या वेळेला मला, तुझ्या सख्ख्या बहिणीला, आपल्याच वडिलांनी काढलेल्या थिएटरातून दंडाला धरून बाहेर काढण्यात आलं आणि यापुढे इथे पाऊल टाकायचं नाही, असं फुटपाथवर उभं करून सांगण्यात आलं.

तीर्थरूप दादास, साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांग आता कागदावरच जमतो.) तुझी साखर, वहिनीची कंबर आणि जावईबापूंची नोकरी जागच्या जागी असेल अशी आशा करते. माझी तब्येत कशी आहे हे तू गेल्या वर्षभरात विचारलेलं नाहीस, तेव्हा सांगत नाही. ठीक नाही.

थिएटर विकलंस त्यानंतर तू या गावाकडे फिरकला नाहीस, त्यामुळे तिथे आता पब आहे म्हणजे नेमकं काय आहे, हे तुला सांगणं भाग आहे. जिथे पडदा होता तिथे बाटल्या आहेत, खालपासून छतापर्यंत, मागून दिवे सोडलेल्या. लोक त्यांच्याकडे तोंड करून बसतात आणि बाबांच्या काळात सिनेमाकडे पाहायचे त्याहून जास्त तल्लीन होऊन पाहतात. तिकिटांच्या खिडकीत एक मुलगी बसते आणि लोकांच्या छत्र्या सांभाळते. ऑपरेटरच्या खोलीत वाढदिवस साजरे होतात. बाथरूमच्या एका दारावर टोपीचं चित्र आहे आणि दुसऱ्या दारावर ओठांचं. (मी उन्हाची टोपी घालते. पहिल्या दिवशी काय झालं ते लिहीत नाही.) भिंतीवर आपल्या थिएटरचा इतिहास रंगवलाय. त्यात बाबा ‘स्वप्नाळू रसिक’ आहेत. स्वप्नाळू! तेलाची गिरणी बुडाल्यावर रिकाम्या गोदामाचं करायचं काय म्हणून ज्याने थिएटर काढलं, आणि ज्याने उभ्या जन्मात एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नाही, कारण शेवट जवळ आला की तो उठून पंखे बंद करायला जायचा, तो माणूस! ‘या भिंतींच्या साक्षीने अनेक प्रेमं फुलली’ असंही एक वाक्य आहे. बाबा टॉर्च घेऊन ती प्रेमं रांगेरांगेतून कशी खुडत फिरायचे, हे तुला-मला माहीत. मी ही चूक मॅनेजरच्या कानावर घातली. मॅनेजर तिशीचा आहे आणि डोक्यावर अंबाडा घालतो (माझ्यापेक्षा दाट), म्हणून मी त्याला अंबाडाच म्हणते. तो म्हणाला, "आजी, लोकांना असंच आवडतं हो." मी म्हटलं, मी तुझी आजी असते तर तुझे केस कधीच कापले असते.

मग तू तिथे जातेसच कशाला, असं वहिनी विचारेल. सांग तिला, देखरेखीला. जुन्या खुर्च्यांची एक रांग त्यांनी शोभेसाठी भिंतीशी ठेवली आहे. तिच्या कडेच्या खुर्चीवर मी लिंबू-सोडा घेऊन दोन तास बसते. फक्त शनिवारी. (बुधवारी गेले ते दोन-तीनदाच. बुधवारी कुणीतरी गिटार वाजवतं.) अंबाडा सहाच्या आधी तिथे ‘राखीव’ अशी पाटी ठेवतो. ठेवायचा.

आता झालं ते नीट वाच. सातच्या सुमाराला घंटा झाली. लांब, कर्कश, थांबायचं नाव नाही. पाठोपाठ दिवे गेले. दादा, तूच सांग, घंटा झाली आणि दिवे गेले की माणसाने काय करायचं असतं? बसायचं असतं! पहिल्या घंटेला पानवाल्याचा हिशेब मिटवायचा, दुसऱ्या घंटेला आत यायचं, तिसऱ्या घंटेनंतर कुणी उठायचं नाही. मध्येच रीळ तुटलं की ऑपरेटर पुन्हा घंटा दाबायचा आणि आपली चौघांची जागा ठरलेली असायची. आई बाल्कनीत, तू पुढच्या बाकांवर, मी मधोमध आणि बाबा दारात, दोन्ही हात पसरून. लोकांनी शिट्ट्या मारायच्या आत आपण आपापल्या जागी उभं राहून शांतपणे म्हणायचं, ‘बसून घ्या, आत्ता सुरू होतंय.’ म्हणजे कुणी उठून खिडकीवर तिकिटाचे पैसे परत मागायला जायचं नाही. तुझ्या डोक्यावर शेंगांची टरफलं पडायची, कारण तुझा आवाज चौकशी केल्यासारखा निघायचा. मला शाळेत सिस्टरांनी प्रार्थनेला माइकशिवाय उभं करून तयार केलेलं, त्यामुळे मी एका वाक्यात अख्खा हॉल बसवायची. ‘पोरीच्या घशात दरवान आहे,’ असं बाबा म्हणाले होते. त्यांनी माझं एवढंच एक कौतुक केलं, म्हणून ते पाठ आहे.

तर मी उठले. म्हणाले, "बसून घ्या! जागा सोडू नका! आत्ता सुरू होतंय!" आणि दादा, बसले. निम्मे लोक उभे राहिले होते, ते खाली बसले. दाढीवाले बसले, कानात डूल घातलेले बसले, वाढदिवसाचा कागदी मुकुट घातलेली एक बाई होती ती तर हाताची घडी घालून बसली. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, धूर येतोय." मी म्हटलं, रीळ तापलं की वास येतोच, नाकाला रुमाल लावा. मग मी बाबांच्या जागी, दारात, हात पसरून उभी राहिले. (खांदा अजून दुखतोय.) तेवढ्यात स्वयंपाकघरातून अंबाडा धावत आला, "बाहेर! सगळे बाहेर!" म्हणून ओरडायला लागला. कुणी हलेना. मुकुटवाली माझ्याकडे पाहून विचारते, "जाऊ का?"

स्वयंपाकघरात बटाटे तळायच्या कढईने पेट घेतला होता आणि ती घंटा आगीची होती. घंटा झाली की बाहेर पळायचं, अशी हल्लीची पद्धत आहे म्हणे. मला कुणी सांगितलं होतं? जीव कुणाचा गेला नाही. बटाटे गेले आणि अंबाड्याची एक भुवई गेली. अग्निशमनवाल्यांचा अधिकारी आला, त्याने विचारलं, लोकांना आत कुणी अडवलं? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. चांगल्या घरचे लोक दिसत होते. तो म्हणाला, "बाई, धुरात माणसं का बसवून ठेवलीत?" मी खरं तेच सांगितलं, की नाहीतर त्यांनी पैसे परत मागितले असते. ते त्याने लिहून घेतलं.

त्यानंतर फुटपाथ. आजन्म बंदी. माझ्या वयाला आजन्म म्हणजे फार लांबचं प्रकरण नाही, पण शनिवार दर आठवड्याला येतो, त्याचं काय करू? काल समोरच्या चप्पल दुरुस्तीच्या दुकानासमोर उभी राहिले. चप्पल चांगली होती, म्हणून मीच तिचा पट्टा तोडला. दार उघडलं की आतली रांग दिसते. माझ्या खुर्चीवर कुणाचं तरी हेल्मेट ठेवलेलं होतं. घरी परतले तर घरात फ्रीज. तो मधूनच थरथरतो, तेवढीच जाग. ऑपरेटर गेला, दरवान लेकाकडे राहायला गेला आणि तिथे गेला. बाबांना ‘शेठ’ म्हणणारं कुणी आता या गावात शिल्लक नाही. त्या रांगेत बसलं की मी कुणाचीतरी मुलगी असते, दादा. इथे जिन्यावर मी दुसऱ्या मजल्यावरची म्हातारी आहे, नळ गळतो तिच्याकडे.

हे सगळं तू विकलंस म्हणून. तेव्हा विकणाऱ्याने आता मालकाला एक खरमरीत पत्र पाठवावं. माझी लेखी माफी मागावी, भिंतीवरचा इतिहास पुसून खरा लिहावा, ओठ खरवडून तिथे ‘स्त्रिया’ असं स्वच्छ लिहावं, आणि घंटा कसली आहे ते आधी सांगावं. एक शब्दही मऊ करू नकोस.

तुझी धाकटी बहीण

ता. क. मालकाला काही लिहू नकोस. मी पाकीट चिकटवत होते तेवढ्यात तो स्वतः घरी आला. माणूस बरा निघाला, माझा नळसुद्धा बघितला. म्हणाला, तुम्ही या, पण सोबत कुणीतरी जबाबदार माणूस हवा, त्याशिवाय विमावाले ऐकत नाहीत. तो गेल्यावर मी बराच वेळ आठवत बसले. माझ्या ओळखीतले जबाबदार लोक एकेक करून संपले आहेत. उरलास तू. तू तसा जबाबदार नाहीस, पण मालकाला ते माहीत नाही.

ता. क. दुसरा. भिंतीवर बाबा स्वप्नाळू असले तर असू देत. विकल्याबद्दल वर लिहिलंय तेही खोड हवं तर. त्या छपराला तेव्हाच गळती लागली होती, आणि तू एकटा किती बादल्या लावणार होतास?

ता. क. तिसरा, आणि एवढंच काम होतं. एका शनिवारी ये. वहिनीला आण, नाहीतर एकटा ये. दोन तास बसायचं, बोललं नाहीस तरी चालेल. मालकाला नाव कळवायचंय, म्हणून शुक्रवार, वीस जून, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं. फोन करू नकोस. फोनवर तू ‘बघू’ म्हणतोस आणि वहिनीच्या हातात देतोस. कागदावर ‘येतो’ एवढंच लिही आणि खाली सही कर.