दोन ओळींच्या मधे लिहिलेलं नाव

नाना, गेल्या आठवड्यात मंगळवारी शाळेच्या ऑफिसात एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या. त्या गेल्यापासून तुम्हाला सांगायचं राहून गेलेलं एक काहीतरी सारखं आठवतंय. तुम्ही आपल्या शाळेच्या फलकावर माझं नाव लिहिलंत ना, त्याबद्दलचं आहे. तुम्हाला जाऊन आता अकरा वर्षं झाली, म्हणजे हे वरातीमागून घोडं आहे हे मला कळतं. पण जिवंत माणसांत हे ऐकून घेणारं मला कुणी दिसत नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

मी शाळेत नोकरी करते हे तुम्हाला ठाऊक नाही. ती तुमच्यानंतरची. शाळा नॉटिंगहॅमच्या बाहेर आहे, चारशे वर्षांची, भरपूर फी घेणारी, आणि त्या चारशे वर्षांचा उल्लेख दिवसातून चारदा करणारी. जेवणाच्या हॉलमध्ये भिंतभर ओकचे फलक आहेत आणि त्यांवर सोनेरी अक्षरांत माजी विद्यार्थ्यांची नावं. माझं काम या माजी विद्यार्थ्यांच्या कार्डांचं. खोकी भरभरून जुनी कार्डं आहेत, ती कॉम्प्युटरवर चढवायची. यंदा वेबसाइटवर 'नामवंत माजी विद्यार्थी' असं एक पान करायचं ठरलं आणि ते माझ्याकडे आलं. दोन बिशप, एक सेनापती, तीन न्यायाधीश, एक क्रिकेटवाला, एक वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि एक इंजिनियर, ज्यानं आपल्याकडे येऊन नदीवर रेल्वेचा पूल बांधला. पूल त्याच्या नावावर आहे. दगड ज्यांनी वाहिले त्यांची नातवंडं बहुधा तुमच्या हाताखाली शिकली असतील, पण त्यांचं कार्ड काही माझ्या खोक्यात नाही.

दुपारी त्याच हॉलमध्ये, त्या फलकांखाली बसून मी डबा खाते. एकटीच. लोक वाईट नाहीत हो. सुरुवातीला दर शुक्रवारी पबमध्ये बोलवायचे, मी 'नेक्स्ट टाइम' म्हणायचे. आता बोलवत नाहीत, आणि चूक माझीच आहे. तुमचे जावई सोमवार ते शुक्रवार मिल्टन कीन्सला असतात, त्यांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस तिकडे. "अगं, या वीकेंडला रिलीज आहे, संडेला दुपारच्या ट्रेननं येतो," असं फोनवर सांगतात, आणि कधीकधी संडेही जातो. नात मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत आहे. "आई, तू काय खाल्ला आज?" असं विचारते, आणि मी उत्तर देईपर्यंत तिची ट्रॅम येते. त्यामुळे दिवसभरात माझ्यासोबत सगळ्यात जास्त वेळ असतात ती ही सोनेरी नावं. आणि ती दिसली की तुम्ही दिसता.

जून महिना आहे. आपल्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात तुम्ही स्टुलावर उभे आहात, पायजमा घोट्याच्या वर दुमडलेला. पेंटर बोलवायला तुम्ही कधीच तयार नसायचात. "नाव लिहायचं म्हणजे त्या पोराला ओळखणाऱ्यानं लिहावं," म्हणायचात. खडू घासलेला दोरा मी एका टोकाला धरते, तुम्ही दुसऱ्या टोकाला ताणून टिचकी मारता, आणि काळ्या फळीवर पांढरी सरळ रेघ उमटते. त्या रेघेला तुम्ही अक्षरं टांगत जाता. दहावीला शाळेत पहिला आलेल्याचं नाव, वर्षाला एक. पांढऱ्या रंगाचा डबा माझ्या हातात असतो, आणि मी मनातल्या मनात पुढची वर्षं मोजत असते, की माझी ओळ कितवी येईल.

माझं वर्ष आलं तेव्हा मी पहिली आले. गावातल्या टेलरची मुलगी, माझी मैत्रीण, दुसरी आली. आमच्यात चार गुणांचा फरक. त्या जूनमध्ये तुम्ही मला डबा धरायला नेलं नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर फलकावर तिचं नाव. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, तुम्ही पाटावर बसला होता, आणि मी दारातूनच ओरडले होते. तुम्ही घास खाली ठेवून म्हणालात, "हेडमास्तरच्या पोरीचं नाव हेडमास्तरानं लिहायचं नसतं. लोक काय म्हणतील ते सोड, उद्या मलाच खात्री राहणार नाही." आई म्हणाली, "अहो, पण पोरगी खरंच पहिली आलीय." मी ताट उचललं आणि न जेवता मोरीत नेऊन ठेवलं. गावात मात्र तुमचा जयजयकार झाला. असा हेडमास्तर होणे नाही, म्हणे.

नाना, त्या दिवसापासून माझ्या हातात हुकमाचं पान आलं, आणि मी ते किती वेळा टाकलं ते तुम्हाला आठवतच असेल. पुण्याला होस्टेलवर राहून शिकायचं होतं तेव्हा टाकलं. लग्न माझ्या पसंतीनं करायचं होतं तेव्हा टाकलं. इकडे यायला निघाले आणि तुम्ही "इतक्या लांब?" एवढंच म्हणालात, तेव्हाही टाकलं. "तुम्ही माझं नावसुद्धा लिहिलं नाहीत," एवढं एक वाक्य. ते ऐकलं की तुमची मान खाली जायची आणि माझं काम व्हायचं. मला त्याची सवय लागली होती.

आता त्या बाईंचं सांगते. ऐंशीच्या पुढच्या, बस बदलून डर्बीहून आलेल्या, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. इथे जुन्या काळी मुलांना आडनावानंच हाक मारत. दोन भाऊ एकाच वेळी शाळेत असले तर आडनावापुढे थोरल्याला 'मेजर' आणि धाकट्याला 'मायनर' जोडायचे, तेच फलकावर यायचं. त्या बाईंचे वडील आणि काका असे दोघे भाऊ इथे शिकले. दोघांपैकी एकानं हिमालयात हिंडून एक अनोळखी फूल शोधून काढलं, त्या फुलाला त्यांचं आडनाव मिळालं. बातमी शाळेत पोचली, कुणीतरी फलकावर आडनाव लिहिलं, पुढे 'मायनर', आणि पुढे 'वनस्पतिशास्त्रज्ञ'. धाकटा म्हणजे या बाईंचे वडील. "माझे वडील डर्बीत बँकेत होते," त्या म्हणाल्या. "फूल काकांनी शोधलं. काका तिकडेच तापानं वारले, त्यामुळे त्यांनी कधी तक्रार केली नाही."

मी म्हटलं, मग तुमच्या वडिलांनी सांगितलं का नाही? त्या डब्याचं झाकण उघडझाप करत राहिल्या. "सांगायला म्हणूनच ते पहिल्या स्नेहभोजनाला गेले होते. पण ते उठून उभे राहिले आणि लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या थांबेपर्यंत उशीर झाला होता." त्यानंतर दरवर्षी आमंत्रण यायचं. काही वर्षं ते गेले, मग जायचे बंद झाले. घरामागच्या बागेत त्यांनी आयुष्यात एक फूल लावलं नाही. फक्त बटाटे. डब्यात काकांची हिमालयातून आलेली पत्रं होती, एकात ते फूल दाबून सुकवलेलं. सगळ्यात खाली वडिलांच्या अक्षरातला एक कागद. वर शाळेच्या हेडमास्तरांना उद्देशून मायना होता, आणि त्याखाली काहीच नव्हतं.

मी ती पत्रं आणि तो कागद घेऊन माझ्या साहेबांकडे गेले. साहेब माझ्या निम्म्या वयाचा, गोड मुलगा आहे. तो म्हणाला, "दोघेही आपलेच ना? कोणाचं काय बिघडतंय? पण इट्स युअर कॉल, तूच ठरव." झाकली मूठ सव्वा लाखाची, हे इंग्रजांनाही कळतं. परत येऊन मी बाईंना म्हटलं की वेबसाइटवर मी आजच बदल करते, पण फलक बदलला तर लोक विचारतील, तुमच्या वडिलांचं नाव उगाच चर्चेत येईल. त्यांनी डबा मांडीवरून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "माय डिअर, मला त्यांची बेअब्रू करायची नाहीये. मला त्यांना सोडवायचंय."

नाना, मी पाणी आणते म्हणून उठले आणि स्टेशनरीच्या खोलीत जाऊन दार लावून उभी राहिले. कारण भूमितीच्या पेपराला टेलरची मुलगी माझ्या पुढच्या बाकावर, जरा तिरकी होती. सहा गुणांचं एक उदाहरण मला सुटत नव्हतं. वर्तुळ काढलं होतं, पुढे हात चालत नव्हता. मी मान वर केली, आणि त्याच वेळी तिनं तिची उत्तरपत्रिका डावीकडे सरकवली. मला दिसावी म्हणून सरकवली की हात अवघडला म्हणून, हे मी तिला कधी विचारलं नाही. मी उतरवून घेतलं. सहा गुणांचं उदाहरण, आणि आमच्यात फरक चारच गुणांचा. तुम्ही फलकावर लिहिलेलं नाव बरोबर होतं, नाना. तुम्ही ते भलत्याच कारणानं लिहिलं होतंत, पण बरोबर लिहिलं होतंत. आणि मी दारात उभी राहून ओरडत होते तेव्हा मला ते ठाऊक होतं.

एवढ्यावरच थांबलं असतं तर मी कदाचित ते पोटात घेऊन गेले असते. पण तुमच्या शेवटच्या वर्षात एका रविवारी तुम्ही फोनवर काय म्हणालात? माझा नेहमीचा रविवारचा फोन. तुम्ही शहात्तर वर्षांचे, गुडघे गेलेले. "चुकलं माझं," म्हणालात. "आता मी हेडमास्तर नाही. आता बाप म्हणून लिहायला हरकत नव्हती. काल जाऊन तुझं नाव लिहून आलो." बोलता येण्यासारखा तोच एक क्षण होता, नाना. लाइन स्वच्छ होती, आई मागे भांडी लावत होती तेसुद्धा ऐकू येत होतं. मी आधी "कशाला आता" म्हटलं. आणि मग म्हटलं, "पण लिहिलंत ते बरं केलंत." तुम्ही इतके खूश झालात की थंडीबद्दल विचारायचं विसरलात.

चार महिन्यांनी तुम्ही गेलात. मी पाचव्या दिवशी पोचले. दिवस झाल्यावर मैत्रीण मला शाळेत घेऊन गेली, ती आता तिथेच शिकवते, किल्ली तिच्याकडेच होती. फलक तसाच होता. तिचं नाव तुम्ही पुसलं नव्हतं, ते तुम्हाला जमलंच नसतं. तिच्या ओळीच्या वर, मागच्या वर्षाच्या ओळीच्या खाली, जी बोटभर जागा होती तिथे माझं नाव. दोरा ताणायला जागा नव्हती म्हणून रेघ नव्हती. अक्षरं तुमचीच, पण थरथरलेली, शेवटाकडे जरा खाली उतरलेली. उभ्या आयुष्यात तुम्ही रेघ न मारता लिहिलेलं ते एकच नाव असेल. मैत्रीण शेजारी उभी होती. म्हणाली, "नाना चढले तेव्हा स्टूल मीच धरलं होतं गं. लई हलत होतं." मी तिच्याकडे बघितलं. तिनं डोळे वळवले नाहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटलं, हिला सगळं माहीत आहे. मग आम्ही कुलूप लावून चहाला गेलो.

इथला फलक मी सांगून या बुधवारी दुरुस्त करून घेतला. सोनेरी वर्ख लावणारा माणूस आला, एक शब्द खरवडला, एक लिहिला, दीड तासात गेला. बाई पुन्हा बस बदलून आल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "देअर," म्हणाल्या, जणू लहान मुलाच्या कोटाचं बटण लावून झालं. मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. जाताना त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं, का कोण जाणे. परत येऊन मी डबा उघडला, आणि नव्या शब्दाखाली बसून गार पोळी खाल्ली.

आपल्या शाळेत आता नवे हेडमास्तर आहेत. त्यांना पत्र लिहायला मी गेले तीन दिवस रोज बसते आहे. सगळं खरं लिहायचं आणि शेवटी विनंती करायची, की ते वरचं नाव पुसून टाका, ते त्या मुलीचं वर्ष आहे. मायना लिहून झालाय. त्याखाली अजून काही नाही. त्याऐवजी तुम्हालाच इतकं लिहून बसले आहे, आणि तुम्हाला लिहिणं सोपं आहे हे मला कळतं, कारण हे पत्र कुठेही जायचं नाही.

घाबरते म्हणून लिहीत नाही, असं आधी वाटलं होतं. तसं नाही, नाना. आता या वयात कोण मला काय म्हणणार आहे? टेलरच्या मुलीची ओळ तिला एकटीला मिळायला हवी, हेही मला पटतं. पण माझं नाव तुमच्या हातानं लिहिलेलं असं जगात एकाच ठिकाणी उरलंय. ते खोटं आहे, आणि ते पुसलेलं मला नकोय.